उणे ब्याण्णव

तूर उभी होती तेव्हाचे आकडे वेगळे.
आता फेब्रुवारी. तुरीच्या जागी खुंट,
कपाशीच्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या,
आणि मी बांधावर, मांडीवर लॅपटॉप,
उन्हात पडदा दिसत नाही म्हणून
डोकं आणि लॅपटॉप दोन्ही ओढणीखाली.

वर एकशेवीस मीटरवर ड्रोन
एका जागी थांबून गुणगुणतोय.
खाली कवडू आत्राम
बांबूच्या टोकाला बांधलेला रिसीव्हर घेऊन
पन्नास पावलं चालतो, थांबतो,
हात वर करतो. मी आकडा लिहिते.
उणे एकाहत्तर. उणे चौऱ्याहत्तर.
"सारे उणेच काऊन हो मॅडम?"
मी म्हणते, एवढं पोचतं तेच पुष्कळ.
"मंग थोडं पोचते म्हणा नं. उणं काऊन म्हणता?"

सूत्र तसं साधं आहे:
अंतर दुप्पट झालं की सहा जातात,
मोकळ्या आभाळात.
इथे पानं आहेत, विहिरीवरचा पत्रा आहे,
आणि जमीन आहे,
जी ऐकलेलं सगळं पोटात ठेवत नाही,
थोडं उलटून बोलते.
एक लहर सरळ येते, दुसरी जमिनीवर आपटून.
बोलणं एकच, वाटा दोन.
चार बोटांचा फरक पुरतो,
एकीची चढण दुसरीच्या उतारावर बसते
आणि दोघी मिळून गप्प.

नाल्याच्या अलीकडे, मोहाखाली नव्हे, थोडं पुढे,
मॉडेल म्हणतं उणे एकोणऐंशी.
कवडूच्या काठीवर उणे ब्याण्णव.
तेरा गेले. म्हणजे विसातला एक उरला.
केबल बदलली. बॅटरी बदलली.
नागपूरला सरांना फोन लावायला गेले
तर फोनलाही तिथे रेंज नाही.

"तिथं हाक मरते," कवडू म्हणाला.
"जागलीवर असलो का मी इकडच्या मचानावर,
लटारू तिकडच्या.
वरडलो तं बराबर आयकू येते त्याले.
पन थो उतरून ह्या खळग्यात आला का,
बस. डुक्कर आंगावर आलं तरी मालूम नाई."
त्याला एका कानाने कमी ऐकू येतं.
"म्हून तं मले ठावं, कुठं कुठं आयकू येत नाई."

मी म्हटलं, आवाज वेगळा, रेडिओ वेगळा.
"असन," म्हणाला,
आणि काठी वीतभर वर केली.
उणे एक्क्याऐंशी.
खाली. ब्याण्णव.
वर. एक्क्याऐंशी.
मी बास म्हणेपर्यंत तो करत राहिला.

मग मुद्दाम दूर पाठवला ड्रोन,
सागाच्या पट्ट्यावरून टेकडीच्या पाठी,
जोडणी तुटेपर्यंत.
पडदा कोरा. शिवारात एक होला घुमत होता.
कवडू बांबू धरून उभा, तोंड वर.
"गेलं?"
"नाही. हाक तुटली की घरी परत यायचं,
असं आधीच सांगून ठेवलंय त्याला."
"मंग बैलच आहे थो.
मांगं मानूस नसला तरी गोठा सापडते."

चार मिनिटांनी टेकडीवर ठिपका.
आम्ही दोघांनीही तो एकदमच पाहिला,
आणि दोघांनीही बोट दाखवलं,
जसं काही समोरच्याला दिसत नव्हतं.

रात्री घाटंजीच्या लॉजवर आलेख काढला.
रेघ बरी बसली. ठिपके तिच्या आजूबाजूला,
काही वर, काही खाली, एक फारच खाली.
जे रेघेत बसत नाही
त्याला आम्ही सिग्मा म्हणतो आणि पुढे जातो.
इथे तो सहा पूर्णांक आठ निघाला.
सहाय्यकांच्या यादीत 'स्थानिक मजूर, एक' असं होतं,
तिथे आधी नाव घातलं.
मग शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं:
खळगा. हाक मरते.
सर विचारतील, हे कुठलं एकक.

लाइट गेली. लॅपटॉपवर चौदा टक्के.
उद्या कवडू नाल्यापलीकडे नेणार आहे,
दगडाची जुनी खदान आहे म्हणे,
तिथे एकदा हाक मारली
की दोनदा ऐकू येते.